ग्रीन बे येथील एक हिवाळी रात्र

अमेरिकेहून परतलेला मनुष्य न्यूयॉर्कच्या उंच इमारतींचे आणि नायगाऱ्याच्या धबधब्याचे वर्णन करू लागला, की घरची मंडळी एकेक करून उठून जातात असा आमचा अनुभव आहे. आणि त्यात मंडळींचा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. आम्ही ज्या गावाविषयी येथे लिहिणार आहो, त्याची प्रवासवर्णनांत फारशी वाट लागलेली नाही. त्याचे नाव ग्रीन बे. ते विस्कॉन्सिन संस्थानात आहे. आमची कन्या व जावईबापू तेथे राहतात. जावईबापू कागदाच्या गिरणीत इंजिनिअर आहेत. सन २०२१ च्या नोव्हेंबरात परदेशच्या प्रवाशांस अमेरिकेची दारे पुन्हा उघडली, आणि दोन वर्षे डोळ्यांनी न पाहिलेल्या नातीच्या ओढीने आम्ही उभयतां, लशीचे दाखले व मुखपट्ट्या सांभाळीत, डिसेंबरअखेर तेथे जाऊन पोहोचलो. ‘‘बाबा, एवढ्या थंडीत कोणी येते का हो?’’ हा विमानतळावरील कन्येचा पहिला प्रश्न. तो रास्त होता, हे दुसऱ्याच दिवशी पटले.

फॉक्स नदी जेथे मिशिगन सरोवराच्या एका लांबट आखातास मिळते, तेथे हे शहर वसले आहे. सन १६३४ त झाँ निकोले नावाचा फ्रेंच प्रवासी या किनाऱ्यास लागला, असे तेथील इतिहास सांगतात. आखाताच्या हिरवट पाण्यावरून गावास नाव पडले म्हणतात. आम्ही पाहिले तेव्हा मात्र ते आखात चुन्याने सारवल्यासारखे गोठलेले होते, आणि लोक त्यावर लहान लहान खोपटी उभारून, बर्फास भोके पाडून, मासे धरीत बसले होते. वस्ती २०२० च्या खानेसुमारीप्रमाणे सुमारे एक लाख सात हजार. म्हणजे आपल्या सातारा शहराहूनही थोडी कमीच. अशा या गावात, साध्या एकमजली-दुमजली घरांच्या आळ्यांमध्ये, ८१,४४१ माणसे बसतील असे एक क्रीडांगण आहे. त्याचे नाव लॅम्बो फील्ड. ते १९५७ साली बांधले, व पुढे वेळोवेळी वाढविले. भोवतालच्या घरांचे मालक सामन्याच्या दिवशी आपल्या अंगणातील हिरवळीवर, किंवा बर्फावर म्हणा, पाहुण्यांच्या मोटारी पैसे घेऊन उभ्या करू देतात. जत्रेच्या दिवशी आपल्याकडे देवळाजवळची घरे चपला सांभाळतात, त्यातलाच प्रकार.

येथील फुटबॉल संघाचे नाव पॅकर्स. १९१९ साली कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने संघ काढला, आणि ज्या कंपनीत तो नोकरीस होता तिने गणवेशास पैसे दिले. ती कंपनी मांस डब्यांत भरून विकणारी होती, म्हणून संघ ‘डबे भरणाऱ्यांचा’ झाला. हा खुलासा ऐकताच आमच्या सौभाग्यवतींच्या कपाळास जी आठी पडली, ती महिनाभर पुरती गेली नाही.

अमेरिकेतील अशा संघांचे मालक कुबेर असतात. पॅकर्सचा मालक असा कोणी नाही. १९२३ साली संघ डबघाईस आला, तेव्हा गावकऱ्यांनी पाच-पाच डॉलरांचे भाग घेऊन तो वाचविला, आणि तेव्हापासून तो भागधारकांचाच आहे. आज त्यांची संख्या पाच लाखांवर आहे. आमची हयात बँकेत गेली; म्हणून आम्ही जावईबापूंस मोठ्या आस्थेने विचारले, की या भागांवर लाभांश किती? तर काही नाही. विकता येतात काय? तर तेही नाही. संघ कधी विकलाच, तर येणारी रक्कम धर्मादायाकडे जावयाची. आम्ही तेथे होतो त्याच हिवाळ्यात असे भाग तीनशे डॉलरांस एक या दराने पुन्हा विक्रीस निघाले होते, आणि जावईबापूंनी आमच्या नऊ वर्षांच्या नातीच्या नावे एक घेतला होता. हिशेबाच्या दृष्टीने इतका निरर्थक कागद आम्ही चाळीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. तो दिवाणखान्यात, गणपतीच्या तसबिरीशेजारी, चौकटीत लावलेला होता.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्याकरिता दोन शब्द. त्यास फुटबॉल म्हणतात, परंतु त्यात पायांचे काम थोडे व खांद्यांचे फार. अकरा-अकरा गडी, एक लंबगोल चेंडू, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन पुढे मिळवावयाची. न मिळाली तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. शेवटच्या रेषेपार चेंडू नेला की सहा गुण. दोन उंच खांबांमधून लाथाडला तर तीन. सप्टेंबरपासून सतरा सामने झाले म्हणजे निवडक संघ ‘प्लेऑफ’ नामक फेऱ्यांत जातात. तेथे कुस्तीच्या फडासारखा न्याय आहे. एकदा पाठ लागली की त्या वर्षापुरते सारे संपले.

आता आमच्या मुख्य विषयाकडे, म्हणजे कन्येच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे, वळतो. वय पंचाहत्तरीच्या पुढे. कागदाच्या गिरणीतून निवृत्त. नात त्यांस ‘ग्रॅम्पा’ म्हणते, आणि आम्ही दिसलो की ते आपली लोकरी टोपी उचलून नमस्कार करीत. त्यांच्या वडिलांनी घेतलेली क्रीडांगणातील दोन आसने अद्याप त्यांच्या घराण्यात आहेत. ही आसने मिळावीत म्हणून लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली आहेत, आणि नंबर लागण्यास तीस-तीस वर्षे जातात; म्हणून येथे मृत्युपत्रात घर, मोटार व ही आसने यांची व्यवस्था लिहिलेली असते. आम्ही गेलो त्या वर्षी गृहस्थांनी दोन्ही आसने नातवांस दिली होती. गुडघे थंडी सोसत नाहीत, असे ते म्हणाले. खरे कारण कन्येने आम्हांस आधीच सांगून ठेविले होते. २०२० च्या साथीत त्यांची पत्नी गेली. तो सबंध हिवाळा त्यांनी मुलीच्या गावी काढला, आणि आता प्रथमच ते आपल्या घरात एकटे सामने पाहात होते.

त्यांचे घर क्रीडांगणापासून अर्ध्या मैलाच्या आत आहे. एके दुपारी कॉफी पिताना त्यांनी आम्हांस १९६७ च्या ३१ डिसेंबरची हकीकत सांगितली. त्या दिवशी याच मैदानावर डॅलसच्या संघाशी अजिंक्यपदाचा सामना झाला. तापमान फॅरनहाइटने उणे तेरा, म्हणजे सेल्सिअसने उणे पंचवीस अंश. मैदानाखाली जमीन ऊब धरावी म्हणून विजेच्या तारा घातल्या होत्या, त्या निकामी ठरल्या. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांस चिकटू लागल्या, तेव्हा त्यांनी शिट्ट्या सोडून नुसत्या आरोळ्यांवर काम भागविले. वाजंत्री पथकातील कित्येकांस इस्पितळात न्यावे लागले, आणि एक वृद्ध प्रेक्षक थंडीने दगावला. तरी पन्नास हजारांवर माणसे शेवटपर्यंत बसून होती, आणि सोळा सेकंद उरली असता बार्ट स्टार हा पॅकर्सचा नायक स्वतः चेंडू घेऊन रेषेपार घुसला व २१–१७ असा जय झाला. गृहस्थ तेव्हा बावीस वर्षांचे होते व वडिलांशेजारी बसले होते. ‘‘आणि घरची मंडळी?’’ आम्ही विचारले. त्या काळी घरच्या मैदानावरील सामना त्याच गावच्या दूरचित्रवाणीवर दाखवीत नसत. तिकिटे खपावीत म्हणून १९७३ पर्यंत तसा नियम होता. म्हणून गावात राहिलेली मंडळी रेडिओभोवती बसत, आणि टेड मूर नावाच्या निवेदकाच्या तोंडून खेळ पाहात. ‘ऐकत’ असे न म्हणता गृहस्थ ‘पाहात’ असेच म्हणाले. त्यांची भावी पत्नी, जी तेव्हा त्यांच्या आळीतील एक मुलगी होती, तीही त्यांतलीच.

हे आम्हांस नवे नव्हते. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडितांनी मराठीत केलेले क्रिकेटचे धावते वर्णन आम्ही वाड्याच्या चौकात, एका रेडिओभोवती तीस माणसे बसून, असेच पाहिले आहे. तो आवाज आपल्या घरचा वाटे. हीच गोष्ट ग्रीन बेच्या लोकांनाही एके काळी लाभली होती. सीबीएस या वाहिनीने तेव्हा प्रत्येक संघास आपला आपला निवेदक नेमून दिलेला असे, आणि पॅकर्सच्या वाट्यास रे स्कॉट आले होते. हे गृहस्थ मोठे मितभाषी. चेंडू फेकणाऱ्याचे नाव, झेलणाऱ्याचे नाव, आणि गुण झाल्याचा एक शब्द. एवढ्यात त्यांचे वर्णन आटपे, कारण बाकीचे चित्रात दिसतच असते. पुढे ही नेमणुकीची पद्धत बंद पडली. निवेदक साऱ्या राष्ट्राचे झाले. आणि जो साऱ्यांचा, तो कोणाचाच नव्हे, अशी प्रेक्षकांची समजूत होऊन बसली.

तिचा सर्वाधिक ताप जो बक यांस झाला. योगायोग असा, की १९६७ च्या त्या गोठलेल्या सामन्याचे उत्तरार्धाचे वर्णन दूरचित्रवाणीवर करणारे जॅक बक हे त्यांचे वडील. आणि २००८ च्या जानेवारीत, तशाच थंडीत, त्याच मैदानावर पॅकर्स न्यूयॉर्कच्या जायंट्सकडून जादा वेळेत हरले, तेव्हा वर्णन करणारे हे चिरंजीव. त्यांचे जोडीदार ट्रॉय एकमन तर एके काळी डॅलस संघाचे नायक होते, आणि १९९४, १९९५ व १९९६ या लागोपाठ तीन वर्षांच्या जानेवारीत त्यांनी पॅकर्सला प्लेऑफमधून घरी धाडले होते. असा मनुष्य आपल्या दिवाणखान्यात येऊन आपल्याच संघाचे गुणदोष सांगतो, हे गावास कसे रुचावे? या दोघांस पॅकर्सच्या सामन्यांपासून दूर ठेवावे, असा एक अर्जही काही वर्षांपूर्वी निघाला व त्यावर हजारो सह्या झाल्या. एक सही शेजारच्या गृहस्थांच्या पत्नीची होती.

आम्ही नवखे, आम्हांस त्या निवेदनात पक्षपात आढळला नाही. २०१५ च्या जानेवारीत डॅलसच्या डेझ ब्रायंटने घेतलेला झेल पंचांनी रद्द ठरविला व पॅकर्स जिंकले, तो सामनाही याच जोडीने सांगितला होता. तेव्हा डॅलसकडचे लोक चिडले. त्याच्या पुढच्याच आठवड्यात सिअॅटल येथे शेवटच्या पाच मिनिटांत हातचा जय गेला, तेव्हा ग्रीन बे चिडले. आम्ही हे गृहस्थांस बोलून दाखविले. ते म्हणाले, ‘‘मला ठाऊक आहे, तो खोटे बोलत नाही. पण वाईट बातमी घेऊन नेहमी तोच दाराशी येतो.’’

त्यांच्या पत्नीने यावर आपला एक उपाय योजला होता, आणि तो तेथे घरोघरी आढळतो. दूरचित्रवाणीचा आवाज बंद करावयाचा आणि गावच्या रेडिओवरील वर्णन लावावयाचे. तेथे तेव्हा १९९९ पासून वेन लॅरिव्ही बोलत असत, आणि त्यांच्याजवळ बसत ते लॅरी मॅकॅरेन, जे स्वतः पॅकर्सकडून खेळलेले. मात्र यात एक अडचण आहे. चित्र उपग्रहावरून फिरून येते, म्हणून ते काही सेकंद मागे असते, व रेडिओ पुढे. बाई रेडिओ स्वयंपाकघरात ठेवीत व हे बाहेर चित्रापुढे बसत. ती आत हसली की यांनी समजावे, काही चांगले घडणार आहे; भांडे आदळले की समजावे, वाईट. आणि या दोहोंच्याही आधी, वारा अनुकूल असला म्हणजे, खिडकीतून मैदानावरची आरोळी येई. अशी कित्येक वर्षे एकच गोष्ट त्या घरात तीनदा घडत आली होती.

२२ जानेवारी २०२२ चा शनिवार. पॅकर्सनी सतरापैकी तेरा सामने जिंकले होते, आणि प्लेऑफमधील त्यांचा पहिला सामना घरच्या मैदानावर, सॅन फ्रान्सिस्कोशी, सायंकाळी सव्वासातास होता. गृहस्थांनी आम्हां सर्वांस बोलाविले. आमच्याकरिता घेवड्याचे मांसविरहित सूप मुद्दाम केले होते; सौभाग्यवतींनी चिवडा नेला, तो त्यांस इतका आवडला की सामना सुरू होण्यापूर्वीच वाडगा रिकामा झाला. बाहेर उणे दहा अंश सेल्सिअस. स्वयंपाकघरातील रेडिओ जागच्या जागी होता, परंतु बंद. आणि दूरचित्रवाणीचा आवाज, कन्येने सांगितलेल्याच्या अगदी उलट, मोठा लावलेला होता. जो बक व ट्रॉय एकमन बोलत होते. जावईबापूंनी भुवया उंचावल्या. गृहस्थ म्हणाले, ‘‘असू दे. घरात कोणी बोलणारे पाहिजे.’’ यावर कोणीच काही बोलले नाही.

पॅकर्सनी पहिल्याच चढाईत रेषा गाठली. प्रथम खिडकीच्या काचा किंचित थरथरल्यासारख्या झाल्या, मग दुरून समुद्रासारखा एक नाद आला. नात टाळ्या पिटू लागली, आणि चित्रात तेव्हा कोठे गडी आपापल्या जागी वाकून उभे राहात होते. आम्हांस हा चमत्कारच वाटला. पुढे घडणारी गोष्ट आपण ऐकत आहो, आणि बोलणाऱ्यास ती अजून कळलेली नाही! वास्तविक त्यास ती आपल्या आधीच कळलेली असते. परंतु मन ते मानीत नाही. ‘‘आता सांगेल पाहा,’’ गृहस्थ म्हणाले, आणि निवेदकाने सांगितले.

मध्यंतरास ७–० अशी स्थिती होती. तत्पूर्वी पॅकर्सची एक लाथ प्रतिपक्षाने हाताने अडविली, तेव्हाच गृहस्थांनी चष्मा काढून पुसला होता. चौथ्या भागात १०–३ झाले. बर्फ पडू लागले. शेवटची पावणेपाच मिनिटे राहिली असता पॅकर्स चेंडू लाथेने दूर धाडण्यास उभे राहिले. खिडकीकडून त्या वेळी आले ते आरोळीसारखे नव्हते. दार लोटल्यावर आत कोणी हुंकार द्यावा, तसे काहीसे होते. ती लाथही अडविली गेली, चेंडू सॅन फ्रान्सिस्कोच्या गड्याने उचलला आणि पाच-सहा पावलांवरची रेषा गाठली. १०–१०. त्यांच्या आक्रमक फळीने सबंध रात्री एकदाही रेषा गाठली नव्हती. एकमन यांनी पॅकर्सच्या या दुबळ्या अंगाविषयी काही सांगितले. नातीने चिडून, ‘‘हा आपल्याला बोलतो!’’ असे म्हटले. गृहस्थ तिला म्हणाले, ‘‘बोलू दे, बाळ. गोष्ट खरी आहे.’’

आणि शेवटी सॅन फ्रान्सिस्कोचा रॉबी गूल्ड पंचेचाळीस यार्डांवरून लाथ मारण्यास पुढे आला. घड्याळात शेवटची काही सेकंद. चेंडू खांबांबाहेर गेला तर जादा वेळ. आत गेला तर पॅकर्सचे वर्ष संपले. चित्रात तो अजून पावले मोजीत होता. जो बक काहीतरी सांगत होते. गृहस्थांनी मान वळवून खिडकीकडे कान दिला. आम्ही सर्वांनीच दिला. सौभाग्यवतींनीसुद्धा, ज्यांस या खेळातील एक नियमही नीट कळला नव्हता. लाथ चुकती, तर काचा थरथरत्या. सत्तर-पंच्याहत्तर हजार माणसांची आरोळी बर्फातूनही आली असती. आले काहीच नाही. रस्त्यावरून बर्फ काढणारी एक गाडी गेली, तिचा खरखराट मात्र स्पष्ट ऐकू आला.

गृहस्थांनी रिमोट उचलून आवाज बंद केला. मग त्या निःशब्द चित्रात गूल्डने धाव घेतली, चेंडू उंच गेला, बर्फाच्या पिसांतून खांबांमधून पार झाला, आणि पांढऱ्या सदऱ्यांचे गडी धावत सुटले. १३–१०. त्या शेवटच्या लाथेच्या वेळी पॅकर्सचे अकराऐवजी दहाच गडी मैदानावर होते, हे दुसऱ्या दिवशी सर्वांस कळले.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. नात आईच्या कुशीत तोंड खुपसून रडत होती, आणि आम्ही परकी माणसे, कोणाच्या घरी समाचारास जावे व काय बोलावे ते सुचू नये, तसे बसलो होतो. मग गृहस्थांनी आवाज पुन्हा लावला व दोघा निवेदकांचे बोलणे अखेरपर्यंत ऐकून घेतले. त्या मार्चमध्ये ती जोडी वीस वर्षांनी आपली वाहिनी सोडून दुसरीकडे गेली. अॅरन रॉजर्स या नायकाचाही पॅकर्सकडून तो शेवटचाच प्लेऑफचा सामना ठरला. त्या रात्री या दोहोंपैकी काहीच कोणास ठाऊक नव्हते. निघताना गृहस्थांनी सौभाग्यवतींचा चिवड्याचा वाडगा धुऊन ठेवतो म्हणून सांगितले.

तो आणावयास आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. अंगणातील बर्फ त्यांनी उपसले होते, आमच्या दारापुढचेही. दार उघडेच होते. स्वयंपाकघरातील रेडिओ लावलेला होता, आणि त्यावर गावचे लोक एकामागून एक फोन करून आपला सात्त्विक संताप ओतीत होते. कोणी प्रशिक्षकावर, कोणी लाथ अडविली गेली तिच्यावर, कोणी त्या दहा गड्यांवर. आणि एका बाईंनी तर सारा दोष निवेदकांच्या माथी मारला. गृहस्थ भांडी पुशीत उभे होते. त्यांनी आम्हांस टेबलाजवळची खुर्ची दाखविली, कॉफी ओतली, आणि रेडिओचा आवाज थोडा वाढविला.